रिकाम्या चौकटीतलं शून्य

मी शिकलेला आहे हे मी लोकांना फार लवकर सांगतो. जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही जव्हार यायच्या आत कळतं की मी बीएस्सी झालोय आणि आमच्या पाड्यातला पहिला पदवीधर आहे. आमचा पाडा जव्हारकडच्या वांगणीच्या अंगाला. पावसाळ्यात जीप अलीकडेच थांबते आणि उरलेला रस्ता चालत जावा लागतो. माझं सर्टिफिकेट बापाने काचेत बसवून आणलं आणि भाताच्या कणगीच्या वर खिळा ठोकून लावलं. घरी कोण आलं की तो त्याच्याकडे बोट दाखवत नाही, पण पाहुण्याला बरोबर त्याच्यासमोर बसवतो. हा गर्व माझ्यात तिथूनच आला असं म्हणता येईल. पण बापाने त्या गर्वापायी कुणाचं वाईट केलं नाही. मी केलं.

नोकरी मोखाड्यात, एका संस्थेत. संस्था जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या अकरा पाड्यांवर बालवाड्या चालवते. प्रत्येक बालवाडीला एक ताई. ती पोरांना गाणी शिकवते, दुपारी खिचडी आणि आठवड्यातून चारदा अंडं देते, आणि महिन्यातून एकदा काट्याला झोळी अडकवून प्रत्येकाचं वजन करते. वजनं रजिस्टरमध्ये लिहून पानाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. मी ती कॉम्प्युटरवर चढवतो. माझ्या हुद्द्याचं नाव मोठं आहे, काम एवढंच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या मॅडम म्हणाल्या, "दर महिन्याच्या मीटिंगमध्ये ताईंना आकडे वाचून दाखवतो, ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. चित्र काढून दाखवता येईल का रे?"

एक्सेलमध्ये ते पाच मिनिटांत झालं असतं. पण मी तेव्हा मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून पायथन शिकत होतो. तक्ता कसा वाचायचा, सरासरी कशी काढायची, खांबांचा चार्ट कसा काढायचा, इथपर्यंत आलो होतो. मी म्हणालो, "मॅडम, मी प्रोग्रामच लिहितो." मला प्रोग्रामिंग शिकायचं होतं हे खरं. त्याहून जास्त, मला ते येतं असं दिसायला हवं होतं.

आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि लॅपटॉप एका बाजूला, असं चाललं. व्हिडिओतला माणूस फटाफट टाइप करायचा आणि त्याचं सगळं चालायचं. माझं चालायचं नाही. कंस विसरला की पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी, स्वल्पविराम विसरला की लाल ओळी. पहिल्यांदा तक्ता नीट वाचला गेला तेव्हा मी ऑफिसातल्या शिपाईमामांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, "हे तर आधी पण दिसायचं." मी हसलो आणि मनात म्हणालो, यांना काय कळणार.

मग सरासरीपाशी गाडी अडली. प्रत्येक पाड्याच्या पोरांच्या वजनाची सरासरी काढ म्हटलं की लाल ओळी. कारण दोन दिवसांनी सापडलं. वजनाच्या रकान्यात काही ठिकाणी आकडाच नव्हता, आडवी रेघ होती. रेघेची बेरीज होत नाही. ह्याच्यावरचाही व्हिडिओ मिळाला. एक ओळ लिहायची, म्हणजे जे आकडा नाही ते पुसून चौकट रिकामी होते. दुसरी ओळ लिहायची, म्हणजे सगळ्या रिकाम्या चौकटींत शून्य भरलं जातं. मी दोन्ही ओळी बघून बघून उतरवल्या. लाल ओळी गेल्या. अकरा निळे खांब पडद्यावर उभे राहिले.

मला काय आनंद झाला तो सांगता येत नाही. दहा खांब साधारण एका उंचीचे, अकरा-बारा किलोवर. एक मात्र बुटका, साडेसहावर. सगळ्यात कमी असेल तो खांब लाल कर, अशी एक ओळ मी वरून घातली. ती कुठल्या व्हिडिओत नव्हती. ती माझी स्वतःची अक्कल.

लाल खांब आमच्याच पाड्याचा होता. तिथली ताई माझ्या आईची चुलतबहीण, माझी मावशी. मी ते बघितलं. मनात आलं ते इतकंच, की आता कुणी म्हणणार नाही याने आपल्या माणसांना झाकलं.

आता हे सांगायला हवं की त्या रेघा कसल्या होत्या, आणि ते मला माहीत होतं. त्या रेघा रजिस्टरच्या फोटोवरून मीच तर टाइप केल्या होत्या. दिवाळी झाली, भात झोडून झाला की आमच्याकडची माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर जातात. आमच्यात कुणी त्याला स्थलांतर म्हणत नाही. जगायला गेले, म्हणतात. पोरांना बरोबर नेतात, होळीला परततात. मी स्वतः पाचवीपर्यंत प्रत्येक हिवाळा भट्टीवर काढलाय. बाकीच्या बहुतेक ताया जगायला गेलेल्या पोरांची नावं तेवढ्यापुरती कापतात, किंवा गेल्या महिन्याचंच वजन पुन्हा उतरवतात. मावशी दोन्ही करत नाही. आमच्या पाड्यावर गावदेवाला बोकड पडतो तेव्हा वाटे घरागणिक पडतात, बंद घराचासुद्धा. तो वाटा शेजारी खातात, पण पडतो. मावशीचं रजिस्टर तसंच. नाव कापायचं नाही, खोटं वजन लिहायचं नाही, नावापुढे रेघ मारायची. सव्वीस पोरांत त्या महिन्यात बारा रेघा होत्या. बारा पोरं भट्टीवर होती, आणि मी त्यांचं वजन शून्य किलो धरून सव्वीसने भागलं होतं.

मीटिंग मोखाड्याला, बाजाराच्या दिवशी, म्हणजे तायांना जाता-येता जीप मिळते. संस्थेच्या हॉलमध्ये सतरंजीवर अकरा ताया, पुढे मॅडम, आणि मी प्रोजेक्टरची वायर हातात घेऊन उभा. घरी मी तिला मावशी म्हणतो. हॉलमध्ये सगळ्यांसारखा ताई म्हणतो. त्या दिवशीही तसंच म्हणालो, जरा जास्तच मोठ्याने.

चार्ट भिंतीवर आला. ताया "अगं बाय" म्हणाल्या. प्रत्येकीने आपापला खांब शोधला. मग सगळ्यांची नजर लाल खांबावर गेली.

मॅडम म्हणाल्या, "ताई, हा तुमचा पाडा. साडेसहा. पोरांना काय होतंय?"

मावशी उभी राहिली. तिला चष्मा नाही, ती भिंतीजवळ जाऊन बघून आली. "पोरां बरी हाईत मॅडम. खेळतात, खातात."

"मग सरासरी इतकी खाली कशी? हे मी नाही म्हणत, कॉम्प्युटरने काढलंय."

मागून मोखाड्याकडची एक ताई बोलली. बोलण्यात पटाईत, सगळ्यांना हसवणारी. "अंड्यांची सालंच वाटत असतील तिथं. नायतर अंड्यांना पाय फुटतात, घराकडं जातात."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण गप्पही केलं नाही. साडेसहा किलो म्हणजे अंगावर पिणाऱ्या पोराचं वजन. तीन ते सहा वर्षांच्या पोरांची ती सरासरी कशी असेल, हे त्या हॉलमध्ये कुणाच्याही मनात आलं नाही. भिंतीवर उजेडात आलेलं होतं ना ते.

मावशी म्हणाली, "माझी बारा पोरां जगायला गेलीत. त्यांचं वजन कुठून करू?"

तिने ते म्हटलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं. बारा रेघा, बारा शून्यं. मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "अरे, ती बारा यात धरलेली नाहीत ना?"

एक शब्द बोलायचा होता. धरलीत. मी म्हणालो, "नाही मॅडम. प्रोग्राम बरोबर आहे."

का म्हणालो? लिहायला बसलो तेव्हा मी बरीच कारणं शोधली. खरं एकच. अकरा बाया माझ्याकडे शिकलेला म्हणून बघत होत्या, आणि ते मला एक मिनिटासाठीसुद्धा सोडवत नव्हतं.

मावशी खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मॅडमनी ठरवलं की पुढच्या आठवड्यात कुणीतरी तिच्या बालवाडीत जाऊन अंडी आणि तांदूळ तपासेल. तपासायला गेले ते ऑफिसातले दुसरे सर. मला जाशील का विचारलं होतं. मी ताप आल्याचं सांगितलं. अंडी बरोबर निघाली. पण तपासणी झाली ही गोष्ट वांगणी, वावरकडच्या जीपमध्ये पोचली, आणि अंडी बरोबर निघाली ही पोचली नाही.

मी काय केलं, तर गुपचूप प्रोग्राम दुरुस्त केला. शून्य भरणारी ओळ काढून टाकली. ती काढली की रिकाम्या चौकटी आपोआप सोडून दिल्या जातात आणि फक्त हजर पोरांची सरासरी येते. एवढं सोपं होतं. पुढच्या महिन्याला मावशीचा खांब बारा किलोच्या वर गेला, अकरांत तिसरा. मला वाटलं, झालं, फिटलं. कुणाला काही सांगायलाच नको.

त्या मीटिंगमध्ये मॅडम खूश झाल्या. "बघा. महिन्यात साडेसहाचे बारा. थोडं लक्ष ठेवलं की होतं. ताईंसाठी टाळ्या."

टाळ्या वाजल्या. ती हसवणारी ताई शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. ते काय असेल हे कळायला ऐकायची गरज नव्हती. आधी खात होती, धाक बसल्यावर देऊ लागली. माझ्या दुरुस्त चार्टने मावशीवरचा आळ धुतला नाही, पक्का केला.

मीटिंग सुटल्यावर मी जीपच्या थांब्यावर गेलो. मावशी सुक्या बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, जीप भरायची वाट बघत.

"ये, बस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "महिन्यात पोरां दुप्पट जड झाली कशी रं?"

मी तिच्याशेजारी टेकलो.

"मी नवीन काय दिलं नाय. तीच खिचडी, तीच अंडी. पोरां पण तीच चौदा. मंग खांब कसा वाढला?"

"मावशी, माझ्याकडून चूक झाली होती."

"कधी कळली?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नंतर कळली म्हणालो असतो तर तिने ते मानलं असतं. "त्याच दिवशी," मी म्हणालो. "तू बारा पोरं बोललीस तेव्हा."

तिने बोंबलांच्या पिशवीचं तोंड बांधलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जीपवाला "चला जव्हार, जव्हार" करत होता. ती उठली, पिशवी उचलली. "मला कशाला सांगतोस? माझी पोरां कशी हाईत ते मला ठाव होतं. ज्या हसल्या त्यांना सांग." आणि आत जाऊन खिडकीला बसली. मी खाली उभा. तिने काच ओढून घेतली.

सांगायला मला आणखी एक महिना लागला, कारण मीटिंग महिन्यातून एकदाच होते. मी असंच म्हणत होतो. मॅडम रोज ऑफिसात असायच्या, त्यांना कधीही सांगता आलं असतं. दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेलो आणि स्टेपलर मागून परत आलो. दरम्यान एका रविवारी घरी गेलो तर आई म्हणाली, "मावशीने वही घातलीय. अंडं दिलं की पोराच्या आईचा अंगठा घेते. दर वेळी." बाप म्हणाला, "लोकांना हल्ली इश्वास नाय राहिला." मग शेजाऱ्याला सांगायला लागला की आमचा पोऱ्या आता कॉम्प्युटरला शिकवतो. समोर काचेत माझं सर्टिफिकेट. मी जेवण अर्धं सोडून उठलो.

तिसऱ्या मीटिंगला मी चार्टऐवजी भिंतीवर प्रोग्रामच दाखवला. म्हणालो, पहिल्या महिन्याचा लाल खांब खोटा होता. ही ओळ मी घातली होती. हिने भट्टीवर गेलेल्या बारा पोरांचं वजन शून्य धरलं. ताईंची पोरं तेव्हाही बारा किलोची होती, आजही आहेत. काही वाढलं नाही, काही सुधारलं नाही, कुणी काही खाल्लं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "अरे, मग मी तेव्हाच विचारलं होतं तुला. का नाही बोललास?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

हसवणारी ताई मोठ्याने म्हणाली, "घ्या! म्हणजे शिकल्यालं पण चुकतंय!" सगळ्या हसल्या, आणि या वेळी माझ्यावर. ते बरोबरच होतं. मी वाट बघत होतो की ती मावशीला काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "आम्ही काय, मस्करी केली होती." मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, होतं असं. पुढचा विषय घेऊ." पुढचा विषय चटयांचा होता. मावशीचं नाव साफ करायचं काम दोन मिनिटांत उरकलं. ते नाव बिघडवायला मला एक शब्द पुरला होता, आणि दोन महिने.

होळीला भट्टीवरची माणसं परत आली. होळीनंतरच्या वजनाच्या दिवशी मी स्वतः बालवाडीत गेलो, कुणी पाठवलं नव्हतं. सव्वीसच्या सव्वीस पोरं. परत आलेली बारा लगेच ओळखू यायची, केस भुरे, नाकं वाहणारी, अंगावर मातीचा रंग. मावशी काट्यात घालायची, मी आकडा वाचायचो, ती लिहायची. नऊ किलो आठशे. नऊ दोनशे. दहा. एकाही नावापुढे रेघ नाही.

मग अंडी वाटली. दाराशी बाया रांगेत उभ्या. प्रत्येक पोराच्या हातात अंडं आणि प्रत्येक आईचा अंगठा निळ्या शाईत. एक म्हातारी नातवाला घेऊन आलेली, तिचा अंगठा कापलेला होता, तर तिने दुसरा दिला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, ही वही आता बंद कर. मी सांगितलंय सगळ्यांना."

"नाय," ती म्हणाली. "आता बंद केली तं बोलतील, आता काय लपवती?" शाईचा पॅड तिने बंद करून फडताळात ठेवला. तिची स्वतःचीही बोटं निळी झाली होती, ती फडक्याने पुसत राहिली. इतकी वर्षं ही बाई कुणाच्या अंगठ्याशिवाय पोरांना खायला देत आली होती.

मग तिने विचारलं, "आता माझा खांब खाली जाईल ना?"

मी मोबाइलवर हिशोब आधीच केला होता. "जाईल. अकराच्या आसपास. खालून दुसरा असेल."

"या वेळेला खरा."

"हो. या वेळेला खरा."

"मंग चित्र लावायच्या आधी बोल. लावल्यावर कोण ऐकत नाय."

त्या महिन्याच्या मीटिंगला मी प्रोजेक्टर चालू केला नाही. सतरंजीसमोर उभा राहिलो आणि आधी बोललो. एका पाड्याची सरासरी उतरली आहे, कारण तिथली बारा पोरं भट्टीवरून वाळून आली आहेत आणि ताईंनी ती सगळी मोजली आहेत. ज्यांनी कापलेली नावं अजून परत लिहिली नाहीत, किंवा जुनीच वजनं उतरवली, त्यांच्या पाड्याची सरासरी उतरलेली दिसणार नाही, पण पोरं त्यांचीही वाळलेली आहेत. दोन-तीन ताया सतरंजीकडे बघू लागल्या. हसवणारी ताई म्हणाली, "आधी चित्र तर दाखव." मी म्हणालो, "दाखवतो. आधी तुमच्या पाड्यावरची किती पोरं जगायला गेली होती ते सांगा."

ती बोटांवर मोजायला लागली. बराच वेळ मोजत होती. मावशी तिच्या शेजारीच बसली होती, पिशवीतून अंगठ्यांची वही वर आलेली. माझ्याकडे ती बघत नव्हती. ती त्या ताईच्या बोटांकडे बघत होती, आणि मध्येच हळूच म्हणाली, "तुझ्या दिराची दोन ऱ्हायली."